लग्नाच्या वाढदिवसाला घरीच दोघांचं जेवण: दोन बर्नर, ओव्हन नाही, काय करू?

नवशिका_नवरा

नमस्कार मंडळी. येत्या गुरुवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. हॉटेलात न जाता बायकोसाठी घरीच दोघांपुरतं जेवण करायचं ठरवलंय. ती सात-सव्वासातला ऑफिसातून येते, मी दुपारी तीनपासून घरी आहे. मुलगी त्या रात्री आजीकडे. घरात दोन बर्नरची शेगडी, कुकर, मिक्सर, लोखंडी तवा, फ्रिज एवढं आहे. ओव्हन नाही. गुरुवार असल्यामुळे मटण-अंडं चालणार नाही.

मला वरण-भात आणि पोहे नीट जमतात, त्यापुढे फारसं नाही. डोक्यात बेत असा: पनीर बटर मसाला, जिरा राईस, बटर नान आणि शेवटी चॉकलेट लाव्हा केक. भाकरी-भाजी मुद्दाम टाळतोय, ती रोज तेच करते. आठला दोघांनी बसायचंय. जमेल का? नसेल तर दुसरं काय, प्रमाणासकट सांगा.

भाकरतुकडा

बेत वाईट नाही, पण चारही पदार्थ शेवटच्या पंधरा मिनिटांत तुम्हाला ओट्याशी बांधून ठेवणारे आहेत. नान गार झालं की चिवट होतं, म्हणजे ते बसताबसता भाजायला हवं. लाव्हा केकला अंडं लागतं, ते गुरुवारी बाद. बिनअंड्याचा कुकरमध्ये केला तरी आत ओलं आणि बाहेर शिजलेलं यात मिनिट-दोन मिनिटांचाच फरक असतो, आणि कुकरच्या आत तर दिसत नाही. दोघांच्या जेवणाचा हिशोब साधा ठेवा: ऐनवेळी गरम करायचा पदार्थ एकच, बाकी सगळं सहाच्या आत तयार आणि भांडी घासून पालथी.

आता भाकरीचं. रोज भाकरी करणाऱ्या बाईला तव्यावरची भाकरी गरम कधी मिळते? सगळ्यांना वाढून होईपर्यंत तिची शेवटची भाकरी गार झालेली असते. तेव्हा भाकरी टाळू नका, तुम्ही करा आणि वहिनींना बसवून वाढा. ऐनवेळचा एक पदार्थ तोच.

माझा बेत असा. सुरुवातीला कडक भाकरीचे तुकडे, शेंगा चटणी आणि घट्ट दही. मग भरली वांगी, दोन-दोन छोट्या गरम भाकऱ्या, काकडी-डाळिंबाची कोशिंबीर. भात नको, दोघांना जड होतं. गोड थंडच ठेवा, त्याचं खाली कोणी सांगेल.

वांग्याचं प्रमाण, दोघांना: लहान काटेरी वांगी ६, मिळून पाव किलोच्या जरा वर. सकाळी आपल्या सोलापूरच्या लक्ष्मी मार्केटातून आणा. देठ हिरवा, साल चकचकीत, आणि आकाराच्या मानाने हातात हलकं लागणारं वांगं घ्या. जड वांग्यात बिया जास्त निघतात. देठ ठेवून अधिकच्या खुणेसारखा पाऊण चीर द्या आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळी पडतात.

सारण: शेंगदाण्याचं जाडसर कूट अर्धी वाटी, भाजलेले तीळ १ मोठा चमचा, भाजलेलं सुकं खोबरं २ मोठे चमचे, लसूण ५ पाकळ्या, एक मध्यम कांदा बारीक चिरून परतलेला, काळं तिखट (भाजलेल्या मसाल्यांचं) २ छोटे चमचे, हळद पाव चमचा, मीठ १ छोटा चमचा, सुपारीएवढा गूळ, चिंचेचा कोळ १ मोठा चमचा. काळं तिखट घरात नसेल तर विकत आणा. लाल तिखट आणि गरम मसाला मिसळून ती चव येत नाही, नुसता तिखटपणा येतो.

जाड बुडाच्या कढईत ३ मोठे चमचे तेल, मोहरी-हिंगाची फोडणी, भरलेली वांगी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं सगळ्या बाजूंनी परता. उरलेलं सारण आणि एक वाटी गरम पाणी घाला, वर ताट झाका, ताटात पाणी ठेवा. मंद आचेवर २० ते २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटा. देठाच्या बुडाशी सुरी सहज गेली की झालं. मोठ्या आचेवर घाई केली तर कूट तळाला बसून करपतं आणि वांगं देठाशी कच्चं राहतं. चारला चढवलीत की पाचपर्यंत मोकळे. मुरल्यावर चव वाढते, पण कूट पाणी पिऊन रस घट्ट होतो. म्हणून उतरवताना रस वाटतो त्यापेक्षा सैल ठेवा आणि वाढण्याआधी दोन-तीन चमचे गरम पाणी घालून कोमट करा.

पास्तावाला_पार्क_चौक

कल्पना छान, पण वरण-भातापुढे न गेलेल्या माणसाला गुरुवारी पहिल्यांदा भाकरी थापायला लावताय? तीन भाकऱ्या चिरल्या की घामाघूम होईल बिचारा. ज्याला लाटण्या-थापण्याची सवय नाही त्याच्यासाठी टोमॅटो-लसणाचा पास्ता सगळ्यात सोपा, अर्ध्या तासात होतो.

दोघांना १६० ग्रॅम कोरडा पास्ता. दोन लिटर पाणी, त्यात २० ग्रॅम मीठ, म्हणजे छोटे चार चमचे सपाट भरून. पाणी खळखळून उकळल्यावरच पास्ता टाका. पाणी कमी किंवा कोमट असेल तर पिठूळ होऊन एकमेकांना चिकटतो. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक-दीड मिनिट आधी उतरवा, आणि गाळण्याआधी एक वाटी ते पाणी बाजूला काढा. उकळत्या पाण्यात तेल घालू नका, तेलकट पास्त्याला सॉस धरत नाही.

सॉसला: पिकलेले लाल टोमॅटो ४०० ग्रॅम, उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साल काढून बारीक चिरलेले. २ मोठे चमचे तेलात ४ पाकळ्या लसूण मंद आचेवर, फक्त वास सुटेपर्यंत. लसूण तांबूस झाला की सगळा सॉस कडवट. मग टोमॅटो, अर्धा चमचा मीठ, पाव चमचा साखर, १५ मिनिटं. आपल्याकडचे टोमॅटो आंबट असले तर साखर अर्धा चमचा. पास्ता सॉसात टाकून काढलेलं पाणी थोडं थोडं घाला आणि मोठ्या आचेवर मिनिटभर हलवा, सॉस पास्त्याला चिकटून येतो. क्रीम घालायचं असेल तर गॅस बंद करून, २ मोठे चमचे. पाकिटातल्या साध्या क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, आंबट टोमॅटोत उकळलं की फाटतं.

बेझिल मिळालं नाही तर तुळस घालू नका. लवंगेसारखा उग्र वास येतो. कोथिंबीर चालेल, नाहीतर काहीच नको.

सॉस दुपारी करून ठेवा, पास्ता मात्र ती हातपाय धुऊन आल्यावर.

मंगळवेढेकर

पास्ता सोपा हे मान्य. पण वर सांगितलेलं गरम भाकरीचं कारण मला पटलंय, आणि उकडीची भाकरी वाटते तेवढी अवघड नाही. ज्वारीत गहूसारखं चिवट ग्लुटेन नसतं. उकळतं पाणी पडल्यावर पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि त्यावरच भाकरी धरून राहते. गार पाण्यात मळून थापणं ही हाताची सवय आहे. नवशिक्याने उकड काढावी, आणि थापायच्या ऐवजी सरळ लाटावी.

पीठ ताजं हवं. दळून पंधरा-वीस दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, कडा फाटतातच. मंगळवारी पाव-अर्धा किलो मालदांडी ज्वारी दळून आणा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय ती हीच.

चार छोट्या भाकऱ्यांसाठी पीठ दीड वाटी, पाणी दीड वाटी, मीठ चिमूटभर. पाणी खळखळ उकळलं की गॅस बंद करून सगळं पीठ एकदम घाला, उलथन्याच्या मागच्या बाजूने ढवळा, झाकून १० मिनिटं ठेवा. मग परातीत काढून हात पाण्यात बुडवत ५-६ मिनिटं तळहाताच्या टाचेने रगडा. खरी मेहनत इथे आहे. गोळा दाबल्यावर कडेला भेग दिसली तर अजून मळा किंवा चमचाभर पाणी वाढवा. भेग गेली की ओल्या फडक्याखाली झाका. उकड तासभर टिकते, त्यापुढे सुकत जाते. म्हणजे साडेसहाला काढा.

लाटताना खाली भरपूर कोरडं पीठ, लाटणं हलकं, कडेवर जोर नको. सहा इंच पुरे, मोठीच्या नादाला लागू नका. तवा आधी चांगला तापवा, पाण्याचा थेंब टाकला तर नाचला पाहिजे. पिठाची बाजू वर ठेवून टाका, लगेच हाताने वर सगळीकडे पाणी फिरवा. पाण्याची चकाकी गेली की उलटा. याच क्षणी लक्ष ठेवा: फार वाळू दिलं तर वर तडे पडतात, ओलं असताना उलटलं तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू दीड मिनिट, तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग तवा काढून पहिली बाजू थेट आचेवर धरा.

फुगली नाही तर कारणं ठरलेली: कडेला चीर राहून वाफ निघून गेली, मध्ये जाड-कडेला पातळ लाटली गेली, किंवा तवा गार होता. न फुगलेली भाकरीही चवीला तीच असते, तोंड पाडून वाढू नका.

मंगळवारी, बुधवारी संध्याकाळी दोन-दोन करून बघा. वहिनींना कळलं तर कळलं.

नवशिका_नवरा

भाकरीवर शिक्कामोर्तब. पण मी ओट्याशी उभा आणि ती एकटी टेबलावर, हे कसं जमवायचं? आणि कडक भाकरी-चटणी ही सुरुवात म्हणून फार साधी वाटणार नाही ना? लसणाचं तर विचारतच नाही.

भाकरतुकडा

लसूण दोघांनी खाल्ला की प्रश्न मिटतो.

बसायचं ओट्याजवळच. दोन खुर्च्या आणि छोटं टेबल स्वयंपाकघरात आणा. चारच भाकऱ्या आहेत, एकेक तीन-साडेतीन मिनिटांची. चारही आधीच लाटून पिठावर पसरून ठेवू नका, सुकून कडा फाटतात. एक तव्यावर असताना दुसरी लाटा. पहिल्या दोन एकापाठोपाठ करून दोघंही बसा, उरलेल्या दोन गोळ्यांचं निम्मं जेवण झाल्यावर बघा.

दाळगल्ली

चटणी साधी वाटते ती मिक्सरमध्ये भुगा करून ठेवली तर. सोलापुरी शेंगा चटणीची मजा तिच्या तेलकट ओलाव्यात आहे, आणि तो कुटल्यावरच सुटतो. शेंगदाणे १ वाटी मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं, आतपर्यंत खमंग होईस्तो भाजा. मोठ्या आचेवर बाहेरून डाग आणि आत कच्चं राहतं. निम्मी सालं काढा, निम्मी राहू द्या. खलबत्त्यात आधी लसूण ८ पाकळ्या, जिरं अर्धा चमचा, मीठ पाऊण चमचा ठेचा, मग तिखट दीड चमचा, मग थोडे थोडे कोमट दाणे. चटणी बत्त्याला चिकटायला लागली, मुठीत दाबल्यावर गोळा झाला की थांबा. खलबत्ता नसेल तर मिक्सर एकेक सेकंद थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला की दाण्याचं लोणी होतं.

कडक भाकरी पाकिटातलीच आणा, ती घरी करणं वेगळं काम आहे. पण पाकीट बुधवारी उघडू नका. मऊ पडलीच तर मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. दही आदल्या रात्री फडक्यात तासभर टांगून घट्ट करा, चिमूटभर मीठ घालून फेटा. लहान बशीत दही, मधोमध खळगा, त्यात चटणी, वर चमचाभर कच्चं शेंगदाण्याचं तेल. लाल-पांढरं बघायलाही चांगलं दिसतं.

हुरडा मिळाला तर ही सगळी सुरुवात रद्द करून गुळभेंडी ज्वारीचा हुरडाच ठेवा. पण हंगाम सरत आला की दाणा टणक होतो, घेताना एक दाणा चावून बघा.

गोडघाशी

गोडाला दोन पर्याय, दोन्ही आदल्या दिवशीचे. शेंगापोळी सुचवणार होते, पण वांग्यातही कूट, चटणीतही कूट, कोशिंबिरीतही कूट. दाण्याची पोळी चौथी होईल.

पहिला, डाळिंब-श्रीखंड. फुल फॅट दही अर्धा किलो, पातळ सुती फडक्यात फ्रिजमध्ये ६-७ तास टांगा, म्हणजे चाळणीत ठेवून खाली पातेलं. बाहेर टांगलं तर आपल्या उकाड्यात आंबट होतं. साधारण २०० ते २५० ग्रॅम चक्का निघतो, त्याला १०० ग्रॅम पिठीसाखर, वेलची, चिमूटभर मीठ. साखर घालून अर्धा तास थांबा, सैल होतं, तेव्हा गाळणीतून घासून घ्या. डाळिंबाचे दाणे फक्त वाढताना वर. आत मिसळून ठेवले तर रस सुटून श्रीखंड गुलाबी पाणचट होतं.

दुसरा, चॉकलेटच्या वाट्या. लाव्हा केकची हौस यात भागते. डार्क चॉकलेट ८० ग्रॅम अगदी बारीक चिरून वाडग्यात. पाकिटातलं क्रीम १०० मिलि मंद आचेवर, कडेला बुडबुडे दिसले की उतरवून चॉकलेटवर ओता. दोन मिनिटं हात लावू नका. मग मधोमध लहान गोल फिरवत ढवळा, चकाकी येते. क्रीम उकळू दिलं तर तेल सुटून फाटतं. फाटलं तर चमचाभर कोमट दूध घालून जोरात ढवळा, बहुतेक वेळा सावरतं. चॉकलेट वेगळं वितळवत असाल तर भांडं ठणठणीत कोरडं हवं, पाण्याचा एक थेंब पडला तरी दाणेदार घट्ट गोळा होतो. दोन छोट्या वाट्यांत ओतून फ्रिजमध्ये तीन तास. खायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, फ्रिजमधून थेट काढलेलं चॉकलेट जिभेला चव देत नाही.

घेताना ‘कंपाउंड’ लिहिलेलं टाळा. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, तोंडात मेणचट थर राहतो.

माझं मत विचाराल तर या जेवणावर श्रीखंडच.

सांगोलेकर

डाळिंबाचा विषय निघालाच आहे तर. सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आपल्याच शहराला लागून आहे. तरी बाजारात उचलायचं कसं ते बघा: गोल गरगरीत नको, किंचित चौकोनी, फासळ्या उठलेलं आणि हाताला जड. पिकताना दाणे भरून सालीला आतून दाबतात म्हणून तो आकार येतो. भगवा जात घ्या, बी मऊ असतं.

सरबतही करता येईल. दोन मध्यम डाळिंबांचे दाणे मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन फडक्यातून पिळा, मोठा एक ग्लास रस निघतो. सलग फिरवलं तर बी भरडली जाते आणि रस तुरट होतो. पांढरा पापुद्रा आत जाऊ देऊ नका, तो कडू. अर्धं लिंबू, काळं मीठ चिमूटभर, वाढताना थंड सोडा घालून दोन ग्लास. ठेवायचं ते काचेत किंवा स्टीलमध्ये, ॲल्युमिनियमच्या भांड्यात नको.

कोशिंबिरीत मीठ आणि लिंबू अगदी शेवटी. आधी घातलं की काकडी पाणी सोडते.

सात_रस्ता

खाण्याचं झालं, बाकीचं कोणी बोलत नाही म्हणून.

मेणबत्त्या आणि छताचा पंखा यांचं जमत नाही. आणि पंख्याशिवाय आपल्याकडे तव्याशेजारी बसवत नाही. पणत्या किंवा मेणबत्त्या उंच काचेच्या ग्लासात ठेवा, ग्लासाची कड ज्योतीपेक्षा चार बोटं वर हवी. टेबल पंख्याच्या बरोबर खाली नको, ताटातलं जेवण पाच मिनिटांत निवतं.

सगळ्या फोडण्या आणि भाजणं सहाच्या आत. काळ्या तिखटाचा ठसका बंद घरात तासभर राहतो. सहा ते साडेसहा खिडक्या उघड्या ठेवा. जेवणाजवळ उदबत्ती किंवा मोगरा नको, वांग्याचा वास मरतो. गजरा आणायचाच तर केसांसाठी, टेबलावर नाही.

टेबलावर सोलापुरी चादर अंथरायचा मोह आवरा, वांग्याचा तेलकट डाग त्या जाड विणीतून निघत नाही. त्यापेक्षा टॉवेलचे दोन छोटे नॅपकिन ओले करून, पिळून, गुंडाळी करून कुकरच्या जाळीवर पाच मिनिटं वाफवा आणि जेवणानंतर द्या. भाकरी हाताने खायची, त्याचा उपयोग होतो.

आणि पाण्याचा वार बघून घ्या. आपल्याकडे नळ रोज येत नाही. बुधवारी पाणी नसेल तर घासायची भांडी मोजूनच वापरा, नाहीतर रात्री अकराला सिंकमध्ये ढीग आणि बादलीत तळ.

नवशिका_नवरा

सगळं वहीत उतरवलं. एकच शंका: ती उशिरा आली, समजा साडेआठ झाले, तर उकड आणि वांगी टिकतील?

मंगळवेढेकर

वांग्यांची काळजी नको, झाकून ठेवा, वाढताना गरम करा. उकड मात्र दीड-दोन तासांनी वरून कोरडी पडते. गोळे करून ओल्या फडक्यात, वर डबा पालथा. लाटायच्या आधी दोन चमचे गरम पाणी लावून मिनिटभर पुन्हा रगडा, येते ठिकाणावर. ती ऑफिसातून निघाल्याचा फोन आल्यावरच उकड काढलीत तर हेही करावं लागणार नाही. पाणी उकळून पीठ झाकेपर्यंत दहा मिनिटं, मुरायला दहा, मळायला पाच-सहा. तोवर ती घरी पोचून हातपाय धुऊन होईल.